पट्ट्याच्या मापाचं मशीन

वादळानं मोठ्या रस्त्याकडेची निलगिरीची अख्खी रांग एका दुपारी आडवी केली, तेव्हा दणका खुशीत होता. लोकांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, आणि हा गडी पडलेल्या झाडांवरून उड्या मारत बुंध्यांना मिठ्या घालून जाडी बघत होता. लाकूडफोड्याच तो. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. कुऱ्हाडीचा घाव असा बसायचा की मागच्या गल्लीतली कुत्री भुंकायची थांबायची, म्हणून सगळे त्याला दणका म्हणायचे, आणि बायकोशी भांडण झालं की तीही म्हणायची.

रस्ता मोकळा करायचा त्या बोलीवर झाडं त्याला मिळाली. तीन दिवस करवत घरघरत होती. चौथ्या दिवशी ट्रकमधून ओंडके उतरवताना एक दोर सुटला. दणक्यानं तो धरायला नको होता, पण धरला. हिसका बसला आणि उजवा खांदा गेला.

गेला म्हणजे कायमचाच गेला. हाडाच्या डॉक्टरनं हात वर करायला लावला, तर तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थबकला.

"कुऱ्हाड विसरा आता," डॉक्टर म्हणाला.

"किती दिवस?"

"मी दिवस म्हणालो का?"

घरी आला तर अंगणात ढीग. घराच्या पत्र्याला टेकलेला, न्हाणीची वाट अडवून बसलेला. ओल्या लाकडाचा तो उग्र वास दारातून, खिडकीतून आत येत होता. एरवी त्या वासानं दणक्याला भूक लागायची. आता तो बोटांवर दिवस मोजायला लागला.

कारण ओली निलगिरी फाटते. वाळली की मात्र पीळ धरते, मग तिच्यावर कुऱ्हाड मारा नाहीतर डोकं आपटा, सारखंच. उन्हाळा तोंडावर होता. महिना, फार तर सव्वा महिना. त्या आत ढीग फोडून रचला नाही, तर अंगणात एक लाकडाचा डोंगर होणार होता, त्यावर शेळ्या चढल्या असत्या.

बेकरीवाला दुसऱ्या दिवशी बघायला आला. अकरा वर्षं त्याच्या दोन्ही भट्ट्या दणक्याच्या लाकडावर तापायच्या. पोटावर पिठाचे हात पुसत तो ढिगाभोवती फिरला.

"माल झकास आहे. पण दणक्या, मला ओंडके नकोत. माझ्या भट्टीचं तोंड एवढंसं. तुझा खांदा नाही म्हणून मी पाव कच्चे काढू का?"

"देतो की शेठ फोडून."

"कोण फोडणार?"

दणका काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "मी."

बायको बाहेर आली होती. कुऱ्हाड तिच्या हातातच होती, झाडू टेकवावा तशी ती तिनं ओंडक्याला टेकवून ठेवली.

"महिनाअखेर बघतो," बेकरीवाला म्हणाला. "नाही जमलं तर राग मानू नका. मी दुसरीकडून घेईन."

*

बायको अंगानं काटक होती, पण उंचीनं दणक्याच्या खांद्याला लागायची. कुऱ्हाड तिच्या हातात मोठी दिसायची. पहिल्या दिवशी तिनं बारा ओंडके फोडले आणि रात्री जेवताना घास हातातून दोनदा पडला. आठवडाभरानं ती तीस-चाळिसावर आली. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. ती त्यावर चिंधी गुंडाळायची.

दणक्याचं काय व्हायचं ते विचारू नका. घरात बसला की घाव ऐकू यायचे, बाहेर आला की दिसायचे. ऐकताना त्याला कळायचं, हा घाव तिरपा बसला, ही कुऱ्हाड अडकली, आता ती पाय लावून ओढतेय. मग तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. पाणी प्यायचा. तहान नसायची.

"जावईबापू," दारातल्या खाटेवरून सासू म्हणायची, "या जमिनीवर वाट पडायला लागली."

सासूला तो मामी म्हणायचा. तिला एकच लेक, म्हणून ती इथंच राहायची. पायांनी अधू, तोंडानं धडधाकट.

"मामी, तुम्ही पडा हो जरा."

"पडलेलीच आहे. तुम्ही पडा, म्हणजे मला डोळा तरी लागेल."

रस्त्यानं जाणारे लोकही बघायचे. बाई कुऱ्हाड मारतेय आणि पैलवानासारखा गडी शेजारी हात गळ्यात बांधून उभा. एकानं सायकल थांबवून विचारलं, "काय दणक्या, बढती झाली वाटतं? मुकादम झालास?" दणक्यानं डाव्या हातानं ढेकूळ उचललं. सायकल निघून गेली होती.

गाठीचा ओंडका आला की बायको कुऱ्हाड बाजूला ठेवायची, लोखंडी पाचर घ्यायची आणि घणानं ती ठोकायची. ठक, ठक, ठक. तो आवाज दणक्याला मुळीच सोसायचा नाही. त्यानं जन्मात पाचर वापरली नव्हती.

"पाचर म्हणजे थकलेल्या माणसाचं काम," तो म्हणाला.

"मग बरोबर आहे," ती घण न थांबवता म्हणाली. "मी थकलेलीच आहे."

त्या दिवशी तो घरातून निघाला तो सरळ वेल्डरकडे गेला. तसं कामही होतं, घणाचा दांडा हलत होता. वेल्डर त्याचा शाळेतला सोबती, दोघांनी चौथीत एकदमच शाळा सोडलेली. वर्कशॉपात तो एका चाकाच्या पोटातून अडकलेली बेअरिंग काढत होता. लोखंडी चौकट, वर तेलाचा जॅक, खाली चाक. वेल्डर जॅकचा दांडा हलवत होता, तोही एका हातानं, दुसऱ्या हातात चहाचा कप. आवाज नाही, घाव नाही. लोखंड हळूहळू खाली आलं, आणि जी बेअरिंग हातोड्यानं हलली नव्हती ती टक् करून बाहेर पडली.

दणका घणाचा दांडा हातात धरून उभाच.

"हे लाकडाला लावलं तर?"

"लाकूड फाटेल."

"खरंच?"

"तुझ्या डोक्याला लावलं तर डोकं फाटेल. तेलाला काय कळतं समोर काय आहे ते?"

*

मग आठ दिवस दणक्याच्या पायाला भिंगरी लागली. वेल्डरनं जमिनीवर खडूनं चित्र काढून दिलं होतं: एक लांब गर्डर आडवा. त्याच्या एका टोकाला तेलाचा सिलिंडर, दुसऱ्या टोकाला पातं. मध्ये ओंडका ठेवायचा. इंजिन पंप फिरवेल, पंप तेल ढकलेल, तेल सिलिंडरचा दांडा ढकलेल, दांडा ओंडक्याला ढकलेल, ओंडका पात्यावर जाऊन फाटेल. सगळ्यांना ढकलायला एक लिव्हर. पुढं केली की दांडा पुढं, मागं केली की मागं.

"म्हणजे माझं काम?" दणक्यानं विचारलं.

"लिव्हर. दोन बोटांचं काम. तुझी सासूसुद्धा करेल."

गर्डर पडक्या शेडचा मिळाला. इंजिन घरचंच, विहिरीवरचं, दोन वर्षं पोत्याखाली झोपलेलं. घोडं अडलं सिलिंडरपाशी. भंगारवाल्यानं ट्रॉली उलटवायचा एक जाडजूड जॅक दाखवला. दणका त्याच्यावर लट्टू झाला. वेल्डरनं एक नजर टाकली आणि मान हलवली.

"याला एकाच बाजूनं तेल जातं. ट्रॉलीचं वजन याला परत खाली बसवतं. आडवा टाकलास तर पुढं जाईल भसाभसा, पण मागं कोण आणणार?"

"हातानं ढकलू."

"ढकल की. एका हातानं."

शेवटी तीन गावं पालथी घातल्यावर एका मोडक्या लोडरचा सिलिंडर सापडला, दोन्ही बाजूंनी तेल घेणारा. पंप आणि लिव्हर त्याच लोडरची. दणक्यानं त्या बदल्यात आपली स्कूटर दिली. जाताना स्कूटरवर गेलेला माणूस येताना हातगाडी ढकलत आला, तीही डाव्या हातानं, छाती लावून. गाडी सारखी उजवीकडं पळायची. गल्लीत शिरेपर्यंत तो दोनदा गटारात जाता जाता वाचला.

बायको चिंधी सोडत दारात उभी होती. तिनं हातगाडीकडं बघितलं, मग मागं रिकाम्या रस्त्याकडं.

"स्कूटर?"

"ही बघ. हीच आता स्कूटर."

"हिच्यावर बसवून दवाखान्यात न्याल का आईला?"

दणका जवळ गेला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुझ्या हातातली ती कुऱ्हाड सुटली पाहिजे. बस. मला तेवढंच दिसतंय सध्या. मला झोप लागत नाही गं."

सिलिंडर उतरवायला तिनं हात लावला. जड बाजू तिच्याकडं आली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

*

जोडणी अंगणातच झाली. वेल्डर सकाळी दोन तास यायचा. गर्डरला पाय लावायचे होते. त्यानं टेप काढला.

"उंची किती ठेवू?"

दणका गर्डरपाशी ताठ उभा राहिला, डावा हात जिथं लिव्हरवर आरामात टेकेल तिथं धरला. "पट्ट्याएवढी. इथं. वाकायला नको. वाकलो की खांद्यात कळ येते."

वेल्डरनं पट्ट्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, कपडे शिवणाऱ्यासारखं, आणि चार पाय कापले. बायको पलीकडं ओंडका फोडत होती. तिला कुणी विचारलं नाही. आता ती घाव मोजत नव्हती, नुसती मारत होती.

पात्याचं काम मात्र दणक्यानं कुणाला करू दिलं नाही. ट्रकच्या स्प्रिंगचं जाड पोलाद आणलं आणि ग्राइंडर मांडीवर दाबून तीन दिवस घासलं. आयुष्यभर त्यानं कुऱ्हाडीला धार लावलेली, त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पातं पातळ होत होत असं झालं की त्यानं मनगटावरचे केस काढून दाखवले.

"दाढी होईल यानं," वेल्डर म्हणाला. "लाकडाची करायची आहे का?"

"तू लोखंडातला, तुला नाही कळायचं. लाकडाला धार लागते."

पहिल्यांदा इंजिन चालू केलं तेव्हा एका होसपाइपच्या तोंडातून तेलाची पिचकारी उडाली ती थेट दोरीवरच्या मामींच्या चादरीवर. दणका भोक शोधायला हात घालणार, तोच वेल्डर खेकसला, "हात नको! सुईसारखं शिरतं ते कातड्यात! पुठ्ठा धर." पुठ्ठा धरला, पुठ्ठ्याला आरपार भोक पडलं. दणक्यानं आपल्या बोटांकडं बघितलं आणि मुकाट्यानं इंजिन बंद केलं.

"मशीनचं बारसं झालं," मामी खाटेवरून म्हणाल्या, "माझ्या चादरीवर."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला निरोप धाडला. तो आला, सोबत भट्टीवरचे दोन कामगार. शेजारीपाजारीही कुंपणाला येऊन चिकटले. दणक्यानं नवा सदरा घातला होता. बायकोनं एक मध्यम ओंडका उचलून गर्डरवर ठेवला. इंजिन धडधडायला लागलं. दणक्यानं लिव्हर पुढं केली.

दांडा सरकला, ओंडक्याला टेकला, आणि ओंडका पात्यात शिरला. असा शिरला, असा शिरला की लोण्यात सुरी. कुंपणावरून कुणीतरी शिट्टी मारली. वीतभर गेला, दोन विती गेला. दांड्याची लांबी संपली. दांडा थांबला.

ओंडका फाटला नाही.

पातं पोटात घेऊन तो तसाच बसला. लाकडाच्या ओल्या धाग्यांनी पातं दोन्ही बाजूंनी आवळून धरलं होतं. दणक्यानं लिव्हर मागं केली, दांडा मागं आला, ओंडका जागीच. परत पुढं, परत मागं. इंजिन धूर सोडत होतं. ओंडका हलेना.

"आता?" बेकरीवाल्यानं विचारलं.

बायकोनं घण आणला आणि ओंडक्याला मागून ठोकायला सुरुवात केली. अकरा घाव बसले तेव्हा तो पात्यावरून सुटून तिच्या पायाशी पडला, एका फटीसह, जसाच्या तसा.

"याच्यापेक्षा कुऱ्हाड बरी की रे," कामगारांतला एक म्हणाला. दुसरा हसला. बेकरीवाला हसला नाही, ते जास्त लागलं. "दहा दिवस राहिलेत दणक्या," एवढं म्हणून तो गेला.

कुंपण रिकामं झालं. दणका सदरा काढून ढिगाच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. लाकडं आतल्या आत तडकत होती, तट्, तट्. वाळायला लागली होती. त्याला प्रत्येक तट् कानाखाली बसल्यासारखा वाटत होता. परत आला, पात्यावर बोट फिरवलं, पुन्हा गेला. ग्राइंडरची वायर शोधायला लागला.

"काय करताय?" बायकोनं विचारलं.

"धार कमी पडली. अजून पातळ करतो."

ती खाली बसून तळहात फुंकत होती. ती हसली. खूप दिवसांनी हसली, आणि ते हसू काही दणक्याला आवडण्यासारखं नव्हतं.

"अहो, धारेनं तोडतात. तुम्हाला तोडायचंय का फोडायचंय?"

"काय फरक आहे?"

तिनं शेजारची पाचर उचलून त्याच्या हातात दिली. बोथट, टोकाला नखाएवढी जाड आणि मागं मुठीएवढी. घण खाऊन खाऊन डोक्यावर लोखंडाची फुलं फुटलेली.

"हिला कुठंय धार? ही कापत नाही. शिरते आणि मग लाकडाला म्हणते, सरक, मला जागा दे. तीन आठवडे मी हेच करतेय. तुम्ही नुसता आवाज ऐकलात."

दणका पाचर हातात फिरवत राहिला. डाव्या हाताला ती चांगलीच जड लागली. मग त्यानं ती खिशात घालायचा प्रयत्न केला, ती मावली नाही, म्हणून तशीच हातात धरून तो वेल्डरकडं निघाला.

"याला गाल बसव," वेल्डरपुढं पाचर आपटून तो म्हणाला. "पात्याला. दोन्हीकडून. हिच्यासारखे फुगीर."

वेल्डरनं पाचरीकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. "आणि धार?"

"मार ग्राइंडर. घालव ती."

*

गाल लावलेल्या पात्यावर पहिला ओंडका गेला तेव्हा आधी काहीच झालं नाही. इंजिनाचा आवाज जड झाला. मग ओंडका आतून कण्हला, आणि फाड् करून दोन फाका दोन्हीकडं पडल्या. आतलं लाकूड गुलाबी, ओलं, वाफाळल्यासारखं. दणक्यानं "आई गं!" म्हटलं ते मामींना ऐकू गेलं, त्या म्हणाल्या, "काय झालं? बोट गेलं का?"

"नाही मामी, लाकूड गेलं!"

मग काय विचारता. गाठीचे, पिळाचे, बुंध्याचे, मशीन सगळे फोडायला लागलं. दिवसाला दोनशे. बेकरीवाल्याचा टेंपो रोज सकाळी यायला लागला. तो स्वतः येऊन लिव्हर एकदा ओढून गेला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षीचंही तुझंच." सायकलवाला परत आला, थांबला, मशीन बघून पुढं गेला. दणका पट्ट्यावर एक हात आणि लिव्हरवर एक हात ठेवून उभा असायचा, मोटार चालवणाऱ्या साहेबासारखा. घरी जेवताना बोलायचा, झोपताना बोलायचा. पात्याला चार फाळ लावले तर एका दमात चार तुकडे. इंजिनाला मोठी टाकी. अजून एक गर्डर. मशीन बंद असलं तरी त्याचं डोकं धडधडत असायचं.

बायको हं हं म्हणायची. मग तेही म्हणेना.

सहाव्या दिवशी सकाळी दणका चूळ भरून आत आला, तर मामींच्या खाटेच्या खाली बायको बसलेली आणि म्हातारी तिचे केस विंचरत होती. पाच वर्षांच्या पोरीचे विंचरावेत तसे. दणक्याला गंमत वाटली.

"काय लाड चाललेत आज?"

म्हातारीनं फणी तशीच खाली ओढली.

"कुठं जायचंय का?"

"तिला हात वर करता येत नाहीत," मामी म्हणाल्या. "दोन दिवस झाले. काल वेणी मीच घातली."

बायको म्हणाली, "असू दे आई."

"का असू दे? जावईबापू, ऐका. कुऱ्हाड होती तेव्हा ही दिवसाला चाळीस ओंडके फोडायची. ओंडका जमिनीवर उभा असायचा, तो उचलावा लागत नव्हता. आता तुमचं मशीन दिवसाला दोनशे खातं. आणि त्याला भरवतं कोण?"

बायकोच्या बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या. आतल्या बाजूनं दोन्ही हात खरवडून निघालेले, जुनी सालटं काळी पडलेली आणि त्यावर नवी लाल. तिनं बाह्या खाली ओढल्या.

"बोलायचं नाही का?" तो म्हणाला.

"तुम्ही बोलत होतात ना."

तो बाहेर आला. अंगणात कुणी नव्हतं. मशीन उभं होतं, चार पायांवर, त्याच्या पट्ट्याएवढं. त्यानं ढिगातला एक साधा ओंडका पायानं लोटून मशीनपाशी आणला, मोठा नव्हता. डावा हात खाली घातला, ओंडका छातीशी धरला आणि उचलला. गुडघ्यापर्यंत आला. मांडीपर्यंत आला. मग त्याला कळलं की ती काय करते: इथं पोट खाली घालायचं, पोटानं वर रेटायचं, हाताची आतली बाजू सालीवर घासत न्यायची, आणि मग टाचा उचलायच्या, कारण तिच्यासाठी हे पट्ट्याएवढं नव्हतं. तिच्यासाठी हे बरगडीएवढं होतं. ओंडका गर्डरच्या कडेला लागला, निसटला आणि त्याच्या गुडघ्याला घासून खाली पडला.

एक. असे दोनशे. सहा दिवस.

दणक्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग आत जाऊन विचारलं, "हेक्सा ब्लेड कुठंय?"

"कशाला?"

करवतीनं लोखंडी पाय कापायला तो खाली बसला, डाव्या हातानं. पहिल्या पायाच्या निम्म्यापर्यंत जाईतो ब्लेड मोडलं. मग उठून वेल्डरला घेऊन आला.

"वेडा झालास का?" वेल्डर म्हणाला. "आत्ता कुठं बसलंय मशीन नीट. टेंपो यायची वेळ झाली."

"येऊ दे. काप."

"किती ठेवू?"

दणक्यानं आपलं पाऊल गर्डरखाली सरकवलं आणि नडगीच्या मध्यावर बोट टेकलं. "इथं. आणि या बाजूला एक फळी लाव उतरती. ओंडका गडगडत वर गेला पाहिजे."

"लिव्हर गुडघ्याशी येईल तुझ्या. वाकून वाकून कंबर जाईल."

"बसून करीन."

"बसून?" वेल्डर हसला. "दणका बसून लाकडं फोडणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे रे. काप तू."

ठिणग्या उडाल्या. चार पायांचे चार तुकडे अंगणात पडले. मशीन आपल्या पोटावर बसलेल्या बैलासारखं खाली आलं. इंजिनाचा चौथरा फोडून तेही खाली घेतलं, होसपाइप वळवले, एक फळी तिरकी वेल्ड केली. दुपार झाली. टेंपो येऊन रिकामा उभा होता, आणि त्याच्यापाठोपाठ बेकरीवाला स्वतः आला.

"मशीन का बसलं रे?"

"बसलं नाही शेठ. बसवलं."

"आणि माझा माल?"

"तासभर द्या."

बेकरीवाल्यानं घड्याळाकडं बघितलं, मग बायकोकडं, आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

दणक्यानं तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि लिव्हरपाशी बसला. गुडघे हनुवटीला लागत होते. पोरांच्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरासारखं दिसत होतं ते, त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं कुंपणाकडं बघितलंच नाही. बायकोनं पहिला ओंडका पायानं लोटला. तो फळीवरून गडगडत गेला आणि गर्डरवर बसला. तिनं हात लावला नव्हता. ती त्या ओंडक्याकडं बघत राहिली. मग दुसरा लोटला.

चार-पाच झाले. मग ती थांबली.

"उठा," ती म्हणाली.

"का?"

"उठा म्हणते ना. मी बसते तिथं."

"अगं, हे मशीनचं काम आहे, लिव्हरचं—"

"दोन बोटांचं. रोज ऐकते मी." ती डब्याजवळ येऊन उभी राहिली. "तुमचा खांदा गेलाय. पाय कुठं गेलेत?"

खाटेवरून मामींना ठसका लागला, का हसू आलं, कळलं नाही.

दणका उठला. ढिगापाशी गेला. सगळ्यात जाड ओंडक्याला पाय लावला आणि रेटला, तो हलला, परत मागं आला, परत रेटला. घोट्यापासून मांडीपर्यंत ताकद लागत होती आणि ती होती. महिनाभरात त्याच्या अंगातलं काहीतरी पहिल्यांदाच कामाला लागलं होतं. ओंडका फळीवर चढला, अर्ध्यात तिरका झाला. त्यानं बुटाचं टोक खाली घालून तो सरळ केला, वर लोटला. ओंडका गर्डरवर डुगडुगत बसला, आणि बुटाचं टोक त्याच्याखालीच राहिलं.

"ढकल," तो धापा टाकत म्हणाला.

बायको डब्यावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर. एक तिनं लिव्हरवर ठेवला, पण लिव्हर हलवली नाही.

"पाय काढा आधी."

"अगं निघतोय, तू ढकल. शेठ थांबलेत."

"थांबू देत. काढा."

इंजिन धडधडत होतं. दणक्यानं पाय काढला आणि दोन पावलं मागं सरकला. तिनं वाकून त्याचे दोन्ही बूट जमिनीवर टेकलेले बघितले, नीट बघितले, आणि मग लिव्हर पुढं केली.